सुट्टीवर आलेले निकम साहेब

आमच्या सोसायटीतले निकम साहेब आठवड्यातून दोनदा परदेशातून येतात.

परदेशातून म्हणजे मागच्या गल्लीतून. दुपार कलली की ते चाकांची भली मोठी बॅग घेऊन मागच्या जिन्याने उतरतात, पंपरूमशेजारच्या छोट्या फाटकातून बाहेर पडतात, कोपऱ्यावरच्या टपरीवर एक चहा घेतात आणि रिक्षा करतात. रिक्षा सोसायटीला वळसा घालून पुढच्या फाटकाशी येते. साहेब उतरतात, लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर येतात आणि स्वतःच्याच दाराची बेल वाजवतात. अंगात जाकीट. एप्रिल असो की मे. नाशिकची हवा पूर्वीसारखी राहिली नाही हे सगळ्यांना कळलंय, त्या जाकिटाला अजून कळलेलं नाही.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. माझी सगळी नोकरी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली. माणूस बॅग घेऊन समोर उभा राहिला की त्याने तोंड उघडायच्या आत तो कुठे निघालाय ते मी सांगायची. या एका माणसाने माझा तो आत्मविश्वास धुळीला मिळवला.

साहेब आधी सातपूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथून ते एका आंतरराष्ट्रीय संस्थेत लागले. संस्थेचं नाव म्हणजे इंग्रजीतली चार अक्षरं, पण ती उच्चारताना साहेबांची मान आपोआप ताठ होते. काम धान्याचं. लढाईमुळे, दुष्काळामुळे घरदार सोडून आलेल्या लोकांच्या छावण्यांना धान्य पोचवायचं. सुदान, चाड, सोमालिया, मधे काही काळ अफगाणिस्तान. निवृत्त होऊन घरी आले ते या सगळ्या छावण्या डोक्यात घेऊनच.

सोसायटीला ते 'कंपाउंड' म्हणतात. स्कूटर लावतात ती तोंड फाटकाकडे करून, आणि जो उलटी लावेल त्याला सुनावतात. मलाही एकदा म्हणाले, "मॅडम, पळायची वेळ आली तर काय गाडी वळवत बसणार?" मी म्हटलं, "साहेब, माझे गुडघे बघा. पळायची वेळ आली तर मी दार लावून आत बसणार." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "तोही एक मान्य पर्याय आहे," म्हणाले.

सकाळी वॉचमनकडून रात्रीचा अहवाल घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. वॉचमन सांगतो, कुत्री भांडली. साहेब विचारतात, "किती गट?" गणपतीच्या मीटिंगला सगळे वर्गणीवरून हमरीतुमरीवर आलेले असताना यांनी उठून विचारलं, की आणीबाणीत जमायचं ठिकाण कोणतं ठरलंय? सेक्रेटरी म्हणाले, "आरतीला जमतो तिथंच जमू की." आणि कुणीही "काय साहेब, कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "परिस्थिती शांत, पण अनिश्चित." त्यांच्या संस्थेत म्हणे रोज संध्याकाळी असंच कळवायचं असतं.

इथपर्यंत आम्हाला गंमत वाटायची. बॅगेचं प्रकरण सुरू झाल्यावर मात्र सोसायटीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय, कुणी म्हणे बायको घराबाहेर काढते. दुसरी गोष्ट मला बरी वाटली होती. कुसुमताईंनी आयुष्यभर एकटीने घर ओढलं, आता नवऱ्याला चार दिवस बाहेर काढलं तर काय बिघडलं, असं माझं मत.

कुसुमताई पिंपळगाव बसवंतच्या. माहेरी द्राक्षाची बाग, सात-आठ भावंडं, माणसांचा राबता. लग्न होऊन आल्या आणि पुढे या फ्लॅटमध्ये एकट्या राहिल्या. मूलबाळ नाही. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे वाटीभर पीठ, मूठभर कोथिंबीर असं आमचं चालायचं. मागच्या दोनेक वर्षांत त्या विसरायला लागल्या. आधी गॅस, मग वार, मग माझं नाव. डॉक्टरांनी नाव दिलं त्या आजाराला. नाव कळून काय करायचं असतं, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही.

एका दुपारी त्या माझ्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होत्या. दार उघडलं तर पदर खांद्यावरून घसरलाय. म्हणाल्या, "ताई, घरात कोन तरी बाप्या शिरलाय. सैपाकघरात हाय. चला ना, लवकर चला."

मी हातात लाटणं घेऊनच गेले. सैपाकघरात निकम साहेब उभे होते. बनियन, लेंगा आणि हातात चहाची गाळणी. त्यांनी माझ्या लाटण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि हळूच गाळणी खाली ठेवून दोन्ही हात दिसतील असे वर धरले. बंदूकवाल्यांच्या नाक्यावर धरायची सवय असणार. आपल्याच ओट्याशी उभा राहून हात वर धरलेला तो म्हातारा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

कुसुमताईंना माझ्याकडे निजवलं आणि मग ते जिन्यात बसून बोलले.

"आमची पोस्टिंगं सगळी बिनकुटुंबाची, मॅडम. बायको न्यायला परवानगीच नाही. काही आठवडे काम, मग थोडे दिवस सुट्टी. सुट्टीत यायचो तो बॅग घेऊन, जाकीट घालून. तिला तो मी माहितीये. हा बनियनवरचा, चहा गाळणारा, तिने पाहिलाच कुठे? आता तिला जे आठवतं त्यात मी घरात नाहीच."

मधे ते कुणाच्या तरी दहाव्याला गावी गेले होते, मुक्काम करून बॅग घेऊन परतले. बेल वाजवली, कुसुमताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आलात? किती वाळलात." कितीतरी दिवसांनी त्यांनी नवऱ्याला ओळखलं होतं. चार दिवस ती ओळख टिकली. मग विरली. मग साहेबांनी पुन्हा बॅग भरली.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, छावणीत कुठल्या झोपडीत खाणारी तोंडं किती, ते तुम्हाला पाठ होतं. आणि घरी साखरेचा डबा कुठला ते माहीत नाही. यायचं होतं परत. कुणी धरून ठेवलं होतं?"

ते जिन्याच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "दरवर्षी म्हणायचो, हे शेवटचं. तिकडे माणसं उपाशी होती हे खरं आहे. पण फक्त तेच खरं नाही. तिकडे माझ्यावाचून अडत होतं. इथं आलो की मी पाहुणा. तीसुद्धा मला पाहुण्यासारखंच वाढायची. मला वाटायचं, हिचं बरं चाललंय."

असा माणूस. त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

तर मग मी या विमानप्रवासात सामील झाले. साहेब निघायचे तेव्हा मी कुसुमताईंजवळ बसायची. निघण्याआधी मला रीतसर सूचना मिळायच्या: गॅस बंद ठेवा, गच्चीचा विषय काढू नका, ती एकटीच वर जायला निघते, आणि ती थकलेली दिसली तर फोन करा, मी 'फ्लाइट' पुढे ढकलतो. मी म्हणायची, "लवकर या, तुमचा वैमानिक टपरीवर विडी ओढत बसतो." साहेबांना हसू यायचं, पण ते आवरायचे. त्यांच्या दृष्टीने हे कामच होतं, आणि कामावर ते हसत नसत.

बेल वाजली की कुसुमताई केसांवरून हात फिरवायच्या. हे बघायला मला आवडायचं, कबूल करते. बाई सत्तरीच्या पुढची, पण दाराशी जाताना पावलं उचलून टाकायची. दार उघडायचं, "आलात?" व्हायचं आणि पुढचे दोन दिवस त्या घरात संसार चालायचा. साहेब जाकीट काढायचे नाहीत. भीती वाटायची त्यांना. जेवताना, बातम्या बघताना, जाकीट अंगात. एकदा घामोळ्यांनी पाठ लाल झालेली मी पाहिली आणि पावडरचा डबा दिला.

पण दोन दिवसांचा एक दिवस झाला. मग एक संध्याकाळ. मग "आलात?" म्हणून कुसुमताई दार उघडायच्या आणि साहेब हातपाय धुऊन येईपर्यंत अनोळखी नजरेने बघायच्या. साहेब रोज जायला लागले. रिक्षावाले आपसात हसायचे. आम्हाला दोघांनाही कळत होतं की एक दिवस दार उघडेल आणि तिथे साहेबांसाठी काहीच नसेल. त्याबद्दल बोलत मात्र आम्ही कधीच नव्हतो.

तो दिवस आला तेव्हा मी सोफ्यावर लसूण सोलत बसले होते. बेल वाजली. कुसुमताई उठल्या, केसांवरून हात फिरवला, दार उघडलं. साहेब उभे, बाजूला बॅग. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं.

"बॅग आनली का भाऊ? ठिवा तिथं. हे कुठं राहिले?"

भाऊ. मी लसूण तसाच धरून बसले. साहेबांचा चेहरा मला बाजूनेच दिसत होता. त्यांनी बॅगेची मूठ सोडली. मग म्हणाले, "येतायत. मागून येतायत... ताई."

नवऱ्याच्या तोंडी बायकोसाठी तो शब्द यावा लागतो, म्हणजे काय सांगायचं.

"बसा मंग. उनातान्हाचे आले. पानी आनते." कुसुमताईंनी तांब्याभांडं आणून दिलं. साहेब खुर्चीच्या कडेला बसले, घाम पुसत. कुसुमताई समोर पाटावर बसल्या. इतकं सलग बोलताना त्यांना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"लय लांबून येतात ते. आले की दोन दिस निस्ते झोपतात. उठले का जायाची तयारी. ही बॅग बगितली ना भाऊ, का जिवाला बरं वाटतं, आन भ्या बी वाटतं. आलेली बॅग जानारच ना." मग आवाज खाली आणून, चोरी सांगावी तसं, म्हणाल्या, "एकदा मी त्येंचा पासपोर्ट लपीवला व्हता. तांदळाच्या पिंपात. दिसभर शोधला त्येंनी. सगळं घर उलटंपालटं केलं. लय घाबरले व्हते बिचारे."

साहेबांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. त्या दिवसाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती कधीतरी, आपल्या वेंधळेपणाचा किस्सा म्हणून. तिने शोधून दिला, तिचे उपकार, असं म्हणाले होते.

"मग?" त्यांनी विचारलं. "मग काढून का दिला?"

"देयाचाच ना. तिकडं लोकं ताटल्या घिऊन बसले असतील. ल्हान ल्हान पोरं. यांच्याबिगर कोन देईल त्येंना? मला काय, मला घरात सगळं व्हतं." जरा थांबल्या. "फकस्त त्येंनी एकदा इचारायला पायजे व्हतं, का कुसुम, ऱ्हाऊ का. मी जाच म्हनले असते. पन इचारायला पायजे व्हतं."

साहेब खुर्चीतून पुढे झुकले. मला वाटलं आता विचारतात की काय. पण कुसुमताईंच्या लेखी ते बॅग पोचवायला आलेले रिक्षावाले होते, त्यांना विचारण्याचा हक्क नव्हता.  मी उठून सैपाकघरात गेले, कारण दोघांपैकी कुणीच रडत नव्हतं आणि मी रडणं बरं दिसलं नसतं.

बाहेर आले तेव्हा कुसुमताई विचारत होत्या, "घरी कोन हाय तुमच्या, भाऊ?"

"बायको आहे."

"आन तुम्ही हितं माझ्या गप्पा ऐकत बसलात? उठा, जा घरी. ती वाट बगत आसन."

साहेब उठले. दारापर्यंत गेले, चपला घातल्या. कुसुमताईंनी बॅग दोन्ही हातांनी ओढून भिंतीशी नीट लावली, तिच्यावर पदर फिरवून धूळ पुसली आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागल्यावर मी बाहेर आले. साहेब जिन्यात बसले होते, जाकीट काढून मांडीवर घेतलेलं. मी म्हटलं, "झोपल्यात. चला आत."

ते उठले नाहीत. जाकिटाची घडी घालत म्हणाले, "मॅडम, उद्या जरा लवकर येतो. तिला या भाऊशी अजून पुष्कळ बोलायचं दिसतंय."