विमानातला पुढारी

आमचे शेजारी नाना खापरे रोज सकाळी स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. पुढारी भिंतीवर, काचेच्या आत. नाना समोर खाटेवर. महागाईची बातमी आली की नाना ती गाळून पान उलटत. मी एकदा कारण विचारलं, तर आवाज खाली आणून म्हणाले, "जीव दुखते ना बा त्याहिचा. येवढं जेल भोगलं बिचाऱ्यांनी!"

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा नागपुरात नवीन होतो आणि शाळेत इतिहास शिकवत होतो. इतिहासाचा मास्तर म्हणजे आपल्याला सगळं ठाऊक आहे असा चेहरा ठेवण्याचा पगार घेणारा माणूस. तो पगार मी बिनदिक्कत घेत होतो.

नाना पुढाऱ्यांना नावानं हाक मारत नसत. चष्मेवाले, गुलाबवाले, वर्दीवाले, हॅटवाले अशी त्यांची घरगुती नावं. ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही, त्यांना समोरासमोरच्या भिंतींवर जागा. "शेजारी लावलं तं दिवसभर कटकट," असं नानांचं म्हणणं. बेचाळीस साली नाना स्वतःही जेलात जाऊन आले होते, पण त्याबद्दल छेडलं की एवढंच सांगत, "डाळीत खडे होते." माझ्या इतिहासाच्या तासाला या माहितीचा काडीचा उपयोग नव्हता.

पंधरा ऑगस्टला चौकात झेंडावंदन व्हायचं. टेबलावर मांडायला तसबिरी नानांकडूनच येत, आणि त्यांच्या अटींवर येत. उदबत्ती काचेपासून लांब. तर्री-पोहे खाल्लेले हात तसबिरीला लागायचे नाहीत. आणि मुख्य अट, "न्यायच्या तं साऱ्या न्या. एकालेही घरी ठेवाचं नाही."

या साऱ्यांत एक तसबीर अशी होती की तिच्यातला माणूस मोहल्ल्यात कुणालाच ओळखू येत नव्हता. पोरसवदा चेहरा, पांढरी टोपी, ओठांवर हसू आणि खांद्यामागे चक्क विमानाचा पंख. लोकांना वाटे, मास्तरांना ठाऊक असेल. मलाही वाटे, मला ठाऊक असायला हवं. विचारायची लाज वाटायची, म्हणून मी त्या तसबिरीला इतरांपेक्षा जरा जास्तच वाकून नमस्कार करायचो.

एका वर्षी झेंडावंदनाला आमदारसाहेब आले. एकेका तसबिरीला हार घालत ते विमानवाल्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हे कोण?"

आमच्या मंडळाचे अध्यक्ष वासुदेवराव गडबडले. "चुकून आला असन साहेब. कोणीतरी उचला गा तो फोटो!"

पहिल्या रांगेतले नाना काठीवर भार देऊन अर्धवट उठले. आणि सगळा चौक माझ्याकडे पाहू लागला. मी नानांसाठी पुढे झालो असं लिहायला आवडलं असतं, पण मी पुढे झालो तो फक्त अब्रू वाचवायला.

"चुकून कसा?" मी माईक ओढला. "यांना ओळखलं नाहीत? परदेशात राहून हे देशासाठी झटले. विमानानं देशोदेशी हिंडले!" टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माझी भीड चेपली. मी त्यांना जर्मनीला नेलं, जपानला नेलं. पोहे आले नसते तर अमेरिकाही झाली असती. आमदारसाहेबांनी सर्वांत जाड हार त्यांनाच घातला आणि गंभीरपणे म्हणाले, "यांच्याबद्दल वाचलं आहे मी."

संध्याकाळी मी तसबिरी परत करायला गेलो, तर नाना हसून हसून डोळे पुसत होते.

"मास्तर, किती फिरवलं गा त्याले! अन् हा उमरेडच्या पलीकडे गेला नाही कधी."

"पण ते विमान?"

"रामटेकच्या जत्रेतलं. फोटोवाल्याचं, पुठ्ठ्याचं. लय हौस त्याले. मले म्हणे, तूही बस. मी म्हटलं, काहून फालतू खर्च?" नाना हसायचे थांबले. "श्रावण नाव त्याचं. माहा दोस्त. हातमागावर लुगडे विणे. बेचाळीसच्या मोर्चात माह्या बाजूलेच होता. गोळी त्याले लागली, मले जेल झाली. सुटून आलो तं त्याची माय तेवढी नाव घेत होती त्याचं. मग तीही गेली."

"मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?"

"आज पाहिलं ना तुम्ही? तो कोणी नाही असं समजलं तं उचलून ठेवतील. वर्षातून एक दिवस हार पडते त्याले."

मला एकदम रडू आलं. जपानपर्यंत फेकाफेक करून आलेला माणूस मी, त्या खाटेवर मान खाली घालून बसलो. शेवटी म्हणालो, "नाना, पुढच्या वर्षी खरं सांगू?"

नानांनी उठून तसबीर भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. "सांगा. पण उचलू नका देऊ."

पुढच्या पंधरा ऑगस्टला नाना चौकात आले नाहीत. पाय दुखून राहिला म्हणाले. मी माईकपुढे उभा राहिलो. जपान मला न अडखळता जमलं होतं. श्रावणचा हातमाग आणि ती गोळी सांगताना मात्र तीनदा अडखळलो. टाळ्या पडल्या नाहीत. मग वासुदेवराव उठून टेबलापाशी गेले. मी माईक सोडून त्यांच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. त्यांनी श्रावणचा एका बाजूला सरकलेला हार नीट केला आणि जागेवर येऊन बसले.

मी तसबिरी घेऊन गेलो तेव्हा नाना रिकाम्या भिंतीसमोर बसले होते. वर्तमानपत्राची घडीही मोडली नव्हती. भाषण कसं झालं हे त्यांनी विचारलंच नाही.

"उचलला नाही ना कोणी?"

"नाही, नाना."

त्यांनी माझ्या हातून ती तसबीर घेतली, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि तिच्याशी बोलू लागले.

"ऐकलं का गा श्रावण? विमानातून उतरवलं तुले, तरी कोणी उचललं नाही."