मेश्रामांचा चौथा मजला

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या डोक्यावर कोणीतरी मिक्सरमध्ये शिट्टी दळायला घेतं. इमारतीत नवीन आलेले भाडेकरू पहिल्या रविवारी गॅस बंद करून जिन्यात येऊन उभे राहतात. मग त्यांना सांगावं लागतं, की घाबरू नका, वरचे मेश्राम कॉम्प्युटर सुरू करत आहेत.

हा कॉम्प्युटर शाळेच्या पाटीएवढा आहे आणि त्याची बटणं रबराची आहेत. त्याला स्वतःचा पडदा नाही. तो एका लठ्ठ जुन्या टीव्हीला जोडावा लागतो. त्याला स्वतःची स्मरणशक्तीही जेमतेमच, त्यामुळे सगळं कॅसेटवर साठवलेलं असतं. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली की ती किंचाळू लागते, आणि त्या किंचाळण्यातून सात मिनिटांनी एक खेळ पडद्यावर येतो. मध्येच विजेचा दाब हलला तर सात मिनिटं पहिल्यापासून. म्हणून मेश्रामांच्या दारावर पाटी आहे: ‘खेळ चढत आहे. बेल वाजवू नये. काम तातडीचे असल्यास ते खरोखर तातडीचे आहे का, याचा सात मिनिटे विचार करावा.’ मेश्राम मूळचे चंद्रपूरकडचे. पण ही पाटी वाचून माझ्यासारख्या पुण्याच्या पेठेत जन्मलेल्या माणसाची मान खाली गेली.

मेश्रामांची नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली, तपासणी विभागात. आलेला सुटा भाग मापात आहे की नाही ते पाहायचं आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण विभाग सुटलेला नाही. मंडईत ते मेथीची जुडी प्रकाशात धरतात आणि म्हणतात, “रिजेक्ट.” लग्नाची पत्रिका, सोसायटीचा ताळेबंद, नव्या लिफ्टचं दार, सगळ्यांचा निकाल एका शब्दात. एकदा अध्यक्षांनी प्रजासत्ताकदिनी वीस मिनिटं भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर मागून शांतपणे आवाज आला, “मापात नव्हतं.”

माझ्या हातचा चहा त्यांनी आजवर दोनदा पास केला आहे. दोन्ही तारखा माझ्या लक्षात आहेत.

तर हा कॉम्प्युटर त्यांनी ऐंशीच्या दशकात एका बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून सेकंडहँड घेतला होता. त्या काळी खेळ विकत मिळायचे, पण ते परवडणाऱ्यांना. बाकीच्यांसाठी मासिकात खेळ छापून यायचे. म्हणजे पानंच्या पानं नुसते आकडे. ते एकेक करून टाइप करायचे, की खेळ तयार. मेश्रामांच्या मासिकात अशी सहा पानं होती. टाइप करायला मेश्राम आणि वाचून दाखवायला त्यांच्या पत्नी, शालूवहिनी. वहिनी प्राथमिक शाळेत गणित शिकवायच्या. आकडे त्या पाढ्यांसारखे चालीत म्हणत. दोन रविवार खपून दोघांनी खेळ पुरा केला.

खेळ साधा. एक ठिपक्यांचा माणूस शिड्या चढत वर जातो, वरून दगड येतात. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला. तिसऱ्या मजल्यावरच्या शिडीला त्याने हात लावला, की तो जमिनीत बुडतो आणि सगळं ठप्प. कुठेतरी एक आकडा चुकला होता. त्यामुळे चौथा मजला आजवर कोणी पाहिलेला नाही.

मग काय करायचं? तर वहिनींनी छापील आकडे पुन्हा वाचायचे आणि मेश्रामांनी ते पडद्याशी ताडून पाहायचे. दर रविवारी एक पान. मेश्रामांची पाळी बदलती, वहिनींची शाळा सकाळची, घरात दोन्हीकडचे नातेवाईक शिकायला आलेले. पण रविवारी दहा वाजता दार बंद व्हायचं आणि आतून आवाज यायचा, “एकशे चौऱ्याण्णव.” “पास.” “बारा.” “पास.” आम्ही राहायला आलो तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी व्रत असावं.

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्यानंतर वर्षभर रविवार शांत होते. सगळ्यांना हवी होती ती शांतता मिळाली होती आणि कोणालाच ती आवडत नव्हती.

मग एके दिवशी मेश्राम ते मासिक घेऊन माझ्या दारात उभे राहिले. “आपटेसाहेब, तुम्ही प्रुफं तपासत होते ना जी?”

“तीस वर्षं.”

“मग वाचून द्याल का? एक चूक शोधायची आहे.”

प्रुफरीडरला असं विचारणं म्हणजे मांजराला दूध आवडतं का विचारणं. मी त्याच रविवारी वर गेलो. मनाशी ठरवलं, की हे यंत्र मरायच्या आत या गृहस्थाला चौथा मजला दाखवायचाच. यंत्र मरायला टेकलंच होतं. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला तेव्हा आम्ही दोघं पासोड्या विठोबाजवळच्या रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरलो. एका दुकानदाराने तो पट्टा बोटावर घेतला आणि म्हणाला, “काका, हा बनवणारासुद्धा आता नसेल.” मेश्राम म्हणाले, “त्याला नाही मागितलं जी, पट्टा मागितला.” पट्टा मिळाला.

माझ्या मुलीला, मुक्ताला, हे सगळं पाहवेना. ती खराडीला आयटीत आहे. एका रविवारी वर येऊन म्हणाली, “काका, सिरियसली, पानांचे आणि स्क्रीनचे फोटो काढू द्या. दहा सेकंदांत मिसमॅच सांगते.”

मेश्रामांनी मासिक छातीशी धरलं. “रिजेक्ट.”

“अहो पण का?”

“मशीनच्या चुका मशीनला नाही दाखवत, पोरी. ते एकमेकांना सांभाळून घेतात.”

ती हसत खाली गेली. मी मात्र थोडा चिडलो होतो. त्यांनी मासिक इतकं घट्ट धरायचं कारण मला कळलं नव्हतं.

माझी नेहमीची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवलेली. ती वहिनींची. मी वाचायचं, पडदा मेश्राम पाहणार. पहिली चार पानं अशीच गेली. सगळं पास. पाचव्या पानाच्या रविवारी मान अवघडली होती, म्हणून मी खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसलो. पडदा समोर आला.

“दोनशे एक.”

“पास.”

“चाळीस.”

“पास.”

“सदुसष्ट.”

“पास.”

पडद्यावर शहात्तर होते. सदुसष्ट म्हणताना सात आधी तोंडात येतो, तसाच तो बोटातही आधी येतो. माझ्या आयुष्यात ही चूक मी हजारदा पकडली असेन. आणि माझ्या शेजारी बसून तिला पास म्हणणारा माणूस केसाएवढा फरक पाहून भाग परत पाठवणारा होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. “मेश्राम, हे…”

“पास म्हटलं ना जी मी.”

मी विचारलं, “कधी सापडलं तुम्हाला?”

“तपासायला बसलो, त्या पाचव्याच रविवारी.”

“वहिनींना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर सहाव्या रविवारी ती कायले बसली असती इथे? उठून पोळ्या लाटल्या असत्या.”

“पण त्या गणिताच्या शिक्षिका. इतक्या वर्षांत त्यांना कळलं नसेल?”

मेश्रामांनी चष्मा काढला, पुसला, प्रकाशात धरून पाहिला. “दुसऱ्या फेरीत कळलं तिला. पाणी घ्यायला उठली होती, परत येताना पडद्याकडे पाहिलं. खुर्चीत बसली. या आकड्यावर आली, वाचला, मी पास म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.”

“मग?”

“मग पुढचा आकडा वाचला.”

मी पानाकडे पाहिलं. दोन कळा दाबायच्या होत्या फक्त. एक सहाची, एक साताची. ठिपक्यांचा माणूस शिडी चढून वर गेला असता, आणि चौथ्या मजल्यावर काय आहे ते आम्हा दोघांना दिसलं असतं. तीस वर्षांत मी जाणूनबुजून एकही चूक पुढे जाऊ दिलेली नाही.

“आपटेसाहेब,” मेश्राम पडद्याकडे पाहत म्हणाले, “पुढच्या रविवारी सहावं पान आहे. त्यानंतरच्या रविवारी रिकामे आहात का?”

मी उठलो, मान दुखत असूनही वहिनींच्या खुर्चीत जाऊन टीव्हीकडे पाठ करून बसलो. बोट पुढच्या आकड्याखाली ठेवलं.

“एकशे बारा.”

“पास,” मेश्राम म्हणाले.