भाग दुसऱ्याचं आवर्तन

निवृत्त माणसाला बहुतेक सगळ्या गोष्टी मिळतात. गुडघेदुखी मिळते, सकाळचा पेपर आधी मिळतो, नातवाचा हरवलेला मोजा शोधायचं काम मिळतं. पण आपल्या ओट्यावर कुणीतरी अडलेलं काम घेऊन ताटकळत बसलंय आणि आपण आत मुद्दाम हळूहळू चहा पितोय, हे सुख त्याला मिळत नाही. ते निवडून येऊनच मिळवावं लागतं. आमच्या रंगनाथतात्यांनी ते पाणीवापर संस्थेचे चेअरमन म्हणून बारा वर्षं उपभोगलं आणि मागच्या निवडणुकीत नऊ मतांनी गमावलं. तेव्हा अद्भुत व विज्ञान कादंबरी वाचक मंडळातून तात्यांना काय मिळण्यासारखं होतं, ते आधीच मांडून ठेवतो: एक ओटा, त्यावर एक माणूस आणि त्या माणसाची खोळंबलेली निकड. याहून जास्त त्यांची अपेक्षा नव्हती. (कमीही नव्हती.)

मंडळ सुरू केलं मोनिकानं. ती राहात्याला औषधाच्या दुकानात असते आणि गिऱ्हाईक नसताना परग्रहावर असते. तिनं मोबाईलवर ‘सध्या काय वाचताय?’ नावाचा ग्रुप काढला. दर रविवारी प्रत्येकानं आपण काय वाचतोय ते सांगायचं आणि इतरांना एक तरी कादंबरी सुचवायची. मात्र ती अद्भुत नाहीतर विज्ञानकथा पाहिजे. गावाला हा प्रकार जड जाईल अशी तिला भीती होती. ती निराधार ठरली. शेतीपंपाच्या विजेचं वेळापत्रक, पावसाचा अंदाज आणि उमेदवारांचे वचननामे वाचत मोठ्या झालेल्या माणसांना कल्पनारम्य साहित्याची गोडी लावावी लागत नाही. यात ड्रॅगन खरोखर येतो, एवढंच समजावून सांगावं लागतं.

पहिल्या महिन्याची प्रगती डोळे दिपवणारी होती. सभासद त्रेचाळीस. शिफारशी एकशे बारा. गावातली पुस्तकं चार. वाचणारी माणसं एक (मोनिका). कालव्याच्या चारीच्या अगदी तोंडाशी ज्याचा मळा आहे त्या रविराजनं एकट्यानं चौदा कादंबऱ्या सुचवल्या, त्याही निव्वळ मुखपृष्ठावरून. “ड्रॅगन अंगानं भरल्याला हाय, खांदा रुंद हाय, कादंबरी दमदार असनार,” असं तो लिहायचा, आणि बैलबाजारात त्याचा अंदाज आजवर चुकलेला नसल्यानं कुणी शंका घेतली नाही. टेम्पोवाला सुनील प्रत्येक पुस्तकाखाली एकच अभिप्राय द्यायचा: “लई भारी. वाचली न्हाई.” मंडळातला सर्वांत प्रामाणिक समीक्षक म्हणून त्याचं नाव आजही आदरानं घेतलं जातं.

एवढी वाङ्मयीन चळवळ बिनअध्यक्षाची चाललेली पाहून तात्यांना झोप लागेना. त्यांनी स्वतःहून अध्यक्षपद स्वीकारलं आणि कारभाराला शिस्त आणली. यापुढं कोणतीही कादंबरी कुणालाही नुसती आवडून चालणार नव्हती. तिला एक सूचक लागेल, एक अनुमोदक लागेल, आणि सभेनं दोन्ही हात वर करून ‘मंजूर, मंजूर’ म्हणावं लागेल. या पद्धतीनं एका बैठकीत अठ्ठावीस कादंबऱ्या उत्कृष्ट ठरवण्यात आल्या. मोनिकानं उठून “पण वाचली कुणी?” असं विचारलं, तेव्हा तात्यांनी तो प्रश्न ‘आयत्या वेळच्या विषयांत’ घेतला. आयत्या वेळी चहा आला.

पोरगी चिडली. मग तिनं आपल्या पगारातून पाच भागांची एक अंतराळ कादंबरी विकत आणली आणि टेबलावर आपटली. “आता वाचा,” ती म्हणाली.

इथं खरा पेच उभा राहिला. पुस्तकाचा संच एक, सभासद त्रेचाळीस. आधी कुणी वाचायचं? दुसऱ्या एखाद्या गावात यावरून भांडणं झाली असती. आमच्याकडं तोडगा तयार होता, कारण आमच्याकडं कालवा आहे. कालव्याला पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात, आणि नियम असा की आवर्तन आधी टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेताला द्यायचं, मग वर वर येत तोंडाशी. हा नियम अत्यंत न्याय्य आहे. तो पाळलेला मात्र आमच्या तीन पिढ्यांत कुणी पाहिलेला नव्हता. तात्यांनी तोच नियम पुस्तकाला लावला, आणि काय आश्चर्य, पहिल्या भागाच्या बाबतीत तो तंतोतंत पाळला गेला. (पुस्तक कुणालाच नको होतं.)

टेलला लंकाबाईची गिरणी आहे. नवरा वारल्यापासून ती एकटी चालवते. गिरणीच्या आवाजात बोलायची सवय असल्यानं ती देवळातही ओरडूनच बोलते. पुस्तक तिच्या पदरात पडलं. दळण पडत असताना माणसानं करायचं काय, म्हणून तिनं ते उघडलं. चार दिवसांनी ग्रुपवर तिचा आवाज आला. संदेश साडेतीन मिनिटांचा होता. त्याचा सारांश देतो.

“ए मोनिके! ही कसली गं पुस्तकं लिहित्यात? ती तारिणी, विमान चालवती ती, तिला बर्फाच्या गिरहावर भुयारात कोंडली. बरं, कोंडली तर कोंडली. तिचं आठ महिन्याचं लेकरू वर विमानात! संगं कोन, तर ती लोखंडाची दाई, अन् तिची बॅटरी संपल्याली! अन् लिहितोय काय मुडदा, ‘भाग पहिला समाप्त’! अरं समाप्त काय? लेकराला दूध कोन पाजनार? भाग दुसरा पाठवून दे. आत्ताच्या आत्ता.”

झालं. लंकाबाईला काहीतरी आवडलंय हे कळताच चारीच्या वरच्या अंगाला वाचनाची अनावर ओढ निर्माण झाली. तात्यांनी तातडीची सभा बोलावली. तांत्रिक कारणास्तव पुढचं आवर्तन तोंडाकडून सुरू करावं आणि दाब समान राहावा म्हणून उरलेले चारही भाग एकाच वेळी सोडावेत, असं ठरलं. सूचक रविराज, अनुमोदक सुनील. मंजूर, मंजूर. त्यानुसार भाग दुसरा रविराजकडं गेला, तिसरा सुनीलकडं, चौथा मंडळाच्या उपाध्यक्षांकडं आणि पाचवा तात्यांनी ‘मृतसाठा’ म्हणून आपल्या कपाटात ठेवला. धरणाच्या तळाशी जसं न सोडायचं पाणी असतं, तसं पुस्तकाचंही असायला हवं, हा विचार साहित्यात त्यांच्याआधी कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही.

कुणी वाचलं का? हा प्रश्न आमची पद्धत न समजल्यामुळं पडतो. पाळी आली की घ्यायचं. गरज असो, नसो, घ्यायचंच. एकदा सोडलं की हक्क गेला, आणि हक्क गेल्यावर तहान लागली तर काय करणार? रविराजनं याच तत्त्वावर भर पावसाळ्यात शेततळं भरून घेतलेलं आहे.

आता लंकाबाईला दुसरा भाग हवा होता. ती तात्यांच्या ओट्यावर येऊन बसली. तात्या आत होते. त्यांनी चहा घेतला. थोड्या वेळानं त्यांनी दुसरा चहा घेतला. चांगुणाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, नंतर सांगितलं की दोन वर्षांत माणूस इतका तुकतुकीत दिसला नव्हता.

“बोला,” तात्या बाहेर येऊन म्हणाले.

“भाग दुसरा.”

“अर्ज केलाय का?”

लंकाबाईनं अर्ज केला. तो परत आला, कारण त्यात हंगाम लिहिला नव्हता. तिनं ‘खरीप’ लिहिलं. तो परत आला, कारण क्षेत्र लिहिलं नव्हतं. “दोन डोळे,” तिनं लिहिलं. तेव्हा अर्ज विचाराधीन झाला.

“तात्या, श्रावण गेला, गणपती गेलं,” ती एकदा म्हणाली, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज गिरणी बंद असल्यासारखा आला. “तुमाला काय वाटतं, आठ महिन्याचं लेकरू किती दिस दम धरतं?”

“लंकाबाई, ते पुस्तकातलं हाय.”

“मंग पुस्तक द्या.”

या युक्तिवादाला कारभारात उत्तर नसतं, म्हणून तात्यांनी तिला चहा दिला. ती पुन्हा आली, पुन्हा बसली. मंडळाचा हेतू पूर्णपणे सफल झाला होता आणि तो असाच सफल होत राहिला असता, पण दिवाळी आली.

दिवाळीचं वैशिष्ट्य असं की ती गावातल्या प्रत्येक घराला एकाच आठवड्यात येते आणि प्रत्येक घराला भाजणी दळून लागते. रविराजकडं घरघंटी आहे, पण तिच्यातली भाजणी दाताखाली येते. राहात्याच्या गिरणीत आदल्या दिवशी मिरची दळलेली असते. तिथल्या भाजणीच्या चकल्या खाऊन उपाध्यक्षांच्या व्याह्यांनी मागच्या साली जे डोळे पुसले त्याला पाठवणीचं दुःख समजण्यात आलं होतं. थोडक्यात, लंकाबाईला पर्याय नव्हता.

वसुबारसेच्या आधी चार दिवस गिरणीच्या दाराला पाटी लागली: ‘दळणाचं आवर्तन सुरू. टेलकडून तोंडाकडं. ज्यांच्या घरात पुस्तक अडकलं हाय त्यांचे डबे मृतसाठ्यात.’

पहिली बातमी घेऊन चांगुणाकाकू घरी परतल्या. भरलेला डबा त्यांनी ओट्यावर आदळला.

“काय म्हणाली?” तात्यांनी विचारलं.

“अर्ज करा म्हनली. हंगाम लिहा म्हनली.”

“लिहायचा मग.”

“तुमी लिहा. अन् चकल्या बी तुमीच करा. जावई आला की म्हनावं, फराळ विचाराधीन हाय.”

त्या दुपारपासून गावात जे घडलं त्याला वाचनसंस्कृतीचा सुवर्णकाळ म्हणायला हरकत नाही. प्रत्येक घरात पुस्तक शोधलं जात होतं. भाग दुसरा रविराजच्या कूलरखाली सापडला. कूलर डगमगायचा म्हणून पुस्तक खाली सरकवलेलं होतं, आणि पाणी पिऊन पिऊन त्याचा आकार दोन भागांएवढा झाला होता. (“भरल्याला हाय,” रविराज म्हणाला.) तिसरा सुनीलच्या सासुरवाडीला शेवगावला निघाला, तिथं त्यांनी आपलं स्वतंत्र मंडळ काढून पुढं नऊ घरं फिरवला होता आणि तिथंही तो लई भारी ठरला होता. सुनील टेम्पोनं जाऊन तो घेऊन आला. चौथा उपाध्यक्षांच्या घरी दर्शनी कपाटात होता, वरच्या प्लास्टिकसकट. प्लास्टिक काढावं लागल्याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

राहिला पाचवा. तात्या म्हणाले, तो धोरणात्मक साठा आहे. चांगुणाकाकूंनी वाद घातला नाही. तात्या आंघोळीला गेल्यावर त्यांच्या लेंग्याच्या नाडीला बांधलेली किल्ली काढली, कपाट उघडलं, पुस्तक भाजणीच्या डब्यावर ठेवलं आणि भर गावातून डोक्यावरून नेलं.

“हे घे तुजं लेकरू,” त्या लंकाबाईला म्हणाल्या. “अन् भाजनी जरा बारीक दळ.”

लंकाबाईनं पाचही भाग घेतले. डबे ओळीनं लावून ठेवले. मग शटर खाली ओढून बाहेर नवी पाटी लावली: ‘देखभाल दुरुस्तीसाठी बंद.’

दोन दिवस गिरणी बंद. दिवाळी तोंडावर. एरवी गावानं दार फोडलं असतं. पण एक विलक्षण प्रकार झाला. माणसं डब्यांची चौकशी करायला आली, शटरला कान लावून उभी राहिली आणि गेलीच नाहीत. आतून पान उलटल्याचा आवाज यायचा. मध्येच “अगं बया!” ऐकू यायचं. एकदा तर लंकाबाई मोठ्यानं हसली आणि बाहेर चाळीस माणसं कारण माहीत नसताना हसली. “कितव्या भागात असंल?” सुनीलनं विचारलं. “आवाजावरून चौथ्यात,” रविराज म्हणाला. घरोघरी ते भाग महिनोन्‌महिने पडून होते तेव्हा ज्यांनी पहिलं पान उलटलं नव्हतं, तीच मंडळी आता शटरच्या फटीतून शेवटचं पान वाचायला मिळतंय का बघत होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शटर वर गेलं. लंकाबाईचे डोळे लाल होते. डोळ्यांत पीठ गेलं, ती म्हणाली. गिरणी दोन दिवस बंद होती हे कुणी काढलं नाही.

“लंकाबाई,” गर्दीतून तात्यांनीच विचारलं. घसा खाकरून विचारलं. “त्या लेकराला... दूध मिळालं का?”

 लंकाबाईनं चांगुणाकाकूंना जवळ बोलावून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. (गिरणीवालीनं हळू बोललेलं गावानं प्रथमच पाहिलं.) काकूंनी आधी पदर डोळ्यांना लावला आणि मग तोच पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना पोत्यावर बसवावं लागलं.

“काय झालं? काय झालं?” सगळे.

“नंबर लावा,” लंकाबाई म्हणाली आणि पट्टा चालू केला.

तेव्हापासून पद्धत ठरून गेली आहे. ज्याचं दळण, त्याला त्याचं दळण पडेपर्यंत गोष्ट. डबा भरला की गोष्ट थांबते, मग तारिणी भुयाराच्या तोंडाशी लोंबकळत का असेना. त्यामुळं गावात गव्हाची उचल फार वाढली आहे. पाच माणसांच्या घरात पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल एवढी कणीक पडून आहे, तरी बायका-पुरुष नवीन पायली घेऊन रांगेत. रविराज अर्धा अर्धा किलो आणतो आणि चार वेळा नंबर लावतो. पाचही भाग गिरणीतल्या फळीवर उघडे ठेवलेले आहेत, कुलूप नाही, अर्ज नाही. हवे त्यानं न्यावेत. अजून तरी कुणी नेलेले नाहीत.

तेव्हा ताळेबंद असा. तात्यांना मिळायचं होतं ते मिळालं, फक्त जागा बदलली: ओटा गिरणीचा आहे, ताटकळणारा माणूस एक आहे आणि तो म्हणजे मांडीवर बाजरीचा डबा घेऊन बसलेले स्वतः तात्या. लंकाबाईनं चार महिने भोगले आणि वसूल केले. मोनिकाचा पगार गेला, पण एक वाचक मिळाली. सौदा महाग पडला असं तिला वाटत नाही. गावानं कणकेत फेडलं.

आणि तुम्ही. तुमचं खातं वेगळं काढलं आहे. लेकराला दूध मिळालं की नाही हे जाणून घ्यायला तुम्ही इथवर फुकट आलात, एक दाणाही न आणता, आणि आता हे सगळं चार जणांना ‘लई भारी’ म्हणून सुचवाल. त्याबद्दल सूचक म्हणून तुमचं नाव लिहिलेलं आहे. फक्त तुमच्या फ्रिजवर किंवा उशाशी, कुणाकडून तरी ‘आठ दिवसांत देतो’ म्हणून आणलेलं जे पुस्तक अजून पडून आहे, ते उचला आणि पुढं सोडा. टेलला कुणीतरी बसलंय. तिकडं एक लेकरू उपाशी आहे.