सातवी ओळ

सुमनताई पगार माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. चौदा वर्षांचा शेजार आहे, पण माझा चेहरा त्यांनी कधी नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. माझी पाठ मात्र त्या भर बाजारातही ओळखतील.

थंडीच्या दिवसांत जिन्यात भेटल्या की कसा आहेस, काय चाललंय असलं काही विचारत नाहीत. एकच शब्द म्हणतात, "वळ." आपण वळायचं. मग मागून दुसरी सूचना येते, "हलू नको." आणि मानेखालून कमरेपर्यंत एक बोट टकटक करत उतरू लागतं. ताई आपल्या स्वेटरचे टाके मोजत असतात. मोजून झाले की "हं, मशीनचा आहे" असं म्हणून त्या निघून जातात आणि आपण अपमान कशाचा झाला याचा विचार करत तिथंच उभे राहतो.

विणकाम करणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. ती पुस्तकं आणतात, मोबाइलवर व्हिडिओ बघतात, एकमेकींना नमुने देतात. ताईंचा या सगळ्यावर विश्वास नाही. चांगली वीण ही माणसाच्या अंगावरूनच उचलावी लागते, असं त्यांचं मत. त्यामुळे म्हसरूळहून शालिमारला जाणाऱ्या बसमध्ये त्या कधी खिडकी पकडत नाहीत, पाठ पकडतात. बरी वीण दिसली की तिच्या मागच्या सीटवर बसतात आणि ओठ हलवत मोजायला लागतात. स्टॉप गेला तर जाऊ देतात. गोदाकाठी हिवाळ्यात स्वेटरची दुकानं लागतात, तिथले विक्रेते त्यांना लांबून बघूनच माल उलटा करून ठेवतात. एकदा बहिणीला गाडीत बसवून द्यायला त्या नाशिकरोड स्टेशनवर गेल्या होत्या. डब्यात समोर तपकिरी स्वेटरची पाठ दिसली आणि ताई उतरल्याच नाहीत.

"घोटीपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं," त्या मला सांगत होत्या. "मग त्या बाबाला थंडी वाजली. शाल पांघरली मेल्यानं. पंधराव्या ओळीपासून पुढचं गेलं ते गेलंच."

"मग तुम्ही घोटीला उतरलात?"

"छे. इगतपुरीपर्यंत वाट पाहिली. म्हटलं, काढेल."

त्यानं शाल काढली नाही. ताई इगतपुरीहून एसटीनं परत आल्या. ते चौदा ओळींचं अर्धवट डिझाईन त्यांच्या वहीत अजून आहे, आणि शेवटी त्या अज्ञात प्रवाशाबद्दल एक कडक शेरा आहे.

ही वही म्हणजे दुसरं प्रकरण. तिच्यात त्यांनी उचललेल्या दोनेकशे विणी आहेत, आणि त्यांतली एकही त्यांनी आजवर कुणाला दिलेली नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा त्या एक पान मोठं करून घ्यायला आल्या. पान स्वतःच्या हातानं काचेवर ठेवलं, वर झाकण दाबून धरलं आणि मला म्हणाल्या, "तू भिंतीकडं बघ." मी माझ्याच दुकानात भिंतीकडे बघत बटण दाबलं. पान थोडं तिरकं आलं तर संतापल्या. ताई मूळच्या सटाण्याच्या. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण राग आला की माहेरची भाषा वर येते. "काय शे हे?" असं म्हणाल्या की समोरच्यानं मुकाट्यानं दुसरी कॉपी काढावी.

चूक त्यांना सहन होत नाही. तीस ओळींखाली एक टाका चुकलेला दिसला तर तीसच्या तीस ओळी उसवतात. "कुणाला दिसणार आहे?" असं मी एकदा बोलून गेलो. त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला "वळ" म्हटलं नाही.

इतकं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की बाई विक्षिप्त आणि खडूस आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. हमीदाआपांची हकिगत मला पुष्कळ उशिरा कळली.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या तेव्हापासूनची ही मैत्री. हमीदाआपा भद्रकालीत राहायच्या आणि ओट्यावर मुलींना विणकाम शिकवायच्या. ताईंना सुया धरायला शिकवलं ते त्यांनीच. दर गुरुवारी शाळा सुटली की ताई तिथं जायच्या आणि अंधार पडेपर्यंत दोघी विणत बसायच्या. आपांनी त्यांना सगळं दिलं, फक्त एक वीण दिली नाही. वेणीच्या पोटात जाळीचं पान, अशी ती वीण होती. आपांच्या अम्मीची. "ही घरातच राहणार. माझ्यानंतर शबानाची," असं आपांनी स्वच्छ सांगितलं होतं. शबाना त्यांची मुलगी.

ताईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर विषय संपला असता. पण एका हिवाळ्यात शबाना ती वीण अंगावर घालून सिटीबसमध्ये चढली आणि तिच्या मागच्या सीटवर ताई होत्या. नाशिकरोड ते शालिमार. रस्ता लांबचा, गर्दीही नेहमीची, म्हणजे गाडी हळू. ताईंनी सगळी वीण उतरवून घेतली.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. ताईंनी ती विणून महिला मंडळाच्या प्रदर्शनात ठेवली. पहिला नंबर आला. आपा प्रदर्शन बघायला आल्या, त्या स्वेटरसमोर थांबल्या, त्याची कड उलटून आतली बाजू पाहिली आणि निघून गेल्या. पुढच्या गुरुवारी ताई गेल्या तेव्हा ओट्यावरचं दार बंद होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही बंद होतं. नऊ वर्षं दोघी एकाच शहरात राहिल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"जाऊन माफी का नाही मागितली?" मी विचारलं होतं.

"मागणार होते," ताई म्हणाल्या. "दर थंडीत ठरवायचे."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं त्याला कारण शबाना. मागच्या वर्षी ती माझ्या दुकानात दवाखान्याचे कागद झेरॉक्स करायला आली. कागदांवर नाव हमीदाबी होतं. बोलता बोलता तिला माझा पत्ता कळला, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सुमनखालांच्या बिल्डिंगमधले तुम्ही? त्यांना सांगा, अम्मीला आता काही लक्षात राहत नाही. माणसं ओळखत नाही. दिवसभर बसून चादरीवर बोटं फिरवत राहते, काहीतरी शोधल्यासारखी."

मी संध्याकाळी ताईंना निरोप दिला. त्यांनी हातातलं विणकाम पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभ्या. "मला भद्रकालीत सोडशील?"

गुडघ्यांमुळे त्यांना भद्रकालीतला चढ आताशा जमत नाही. मी स्कूटरवरून नेलं. पिशवीत प्रदर्शनाचं प्रमाणपत्र होतं, ते आपांपुढे ठेवून काय बोलायचं ते त्यांनी रस्ताभर माझ्या पाठीमागे पुटपुटत घोकलं.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत आपा पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी ताईंकडे पाहिलं, हसल्या, आणि फार अदबीनं म्हणाल्या, "बसा ना. तुम्ही कुठून आलात? शबाना, पाहुण्यांना चहा दे."

आपांनी ताईंना 'तुम्ही' म्हटलेलं शबानानंही पहिल्यांदाच ऐकलं असावं. ताईंनी चहा घेतला, पिशवी उघडलीच नाही. खाली आल्यावर स्कूटरला धरून उभ्या राहिल्या. "आता माफी मागायची कुणाची?" म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, एवढं मात्र खरं.

मला वाटलं, आता त्या जाणार नाहीत. पण दोन दिवसांनी पुन्हा दारात. या वेळी पिशवीत सुया आणि लोकर. "नुसतं बसवत नाही मला," म्हणाल्या. पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी तीच वीण सुरू केली, पानाची. आणि ज्या बाईनं चुकलेला टाका कधी राहू दिला नाही तिच्या हातून त्या दिवशी सातवी ओळ चुकली. या विणीत सातव्या ओळीत दोन टाके मागे ठेवून पुढचे दोन आधी विणायचे असतात. तसं केलं नाही तर पान वळत नाही, सरळ वर जातं. ताईंचं लक्ष विणकामात नव्हतं, आपांच्या चेहऱ्यावर होतं.

आपांची चादरीवर फिरणारी बोटं थांबली. त्या पुढे वाकल्या.

"अगं, ये क्या किया? दे इकडे."

सुया त्यांनी हिसकावूनच घेतल्या. ओळ उसवली, टाके परत सुईवर घेतले, आणि सबंध ओळ बरोबर विणून ताईंच्या मांडीवर टाकली. शबाना दारात उभी राहून रडत होती. ताई विणीकडे बघत बसल्या होत्या.

त्या दिवसापासून मी रोज चारला दुकान नोकरावर टाकतो आणि ताईंना सोडतो. गल्लीच्या तोंडाशी एक चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर त्या आधी पाच मिनिटं बसतात. पहिल्यांदा मला वाटलं, दम खात असतील. पण त्या पिशवीतून काम काढून एक ओळ विणायच्या आणि परत आत ठेवायच्या. इतक्या वर्षांच्या शेजारानं मलाही थोडं कळायला लागलं आहे. मी म्हटलं, "ताई, सातवी ओळ चुकली."

"माहितीये. गप बस."

आपांना दुरुस्त करायला काहीतरी हवं, म्हणून ही बाई रोज बाकावर बसून मुद्दाम चूक करत होती. तीही नीट, जागच्या जागी. मला एकदम त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. चहाचे पैसे देऊन टाकले.

एके दिवशी आपांनी ओळ सुधारता सुधारता मान वर केली. "ही तर आमच्या अम्मीची डिझाईन. तुझ्याकडे कशी?"

ताई सरळ बसल्या. "मी चोरली, आपा. शबानाच्या पाठीवरून."

आपांनी पुढचा टाका सुईवर घेतला. "चोरलीस तर चोरलीस," त्या म्हणाल्या, "मग नीट तरी चोरायची. सातवी ओळ बघ कशी केलीस."

जिना उतरताना मी ताईंना म्हटलं, "झालं की नाही शेवटी? केलं माफ."

"तिनं परवाही केलं. त्याच्या आधल्या दिवशीही," ताई म्हणाल्या. "रोज विचारते, रोज सांगते मी."

"एकदा केलं ना? मग रोज कशाला?"

"उद्या तिला ठाऊक नसतं रे. मला एकटीलाच ठाऊक असलेली माफी कशी धरायची?"

असं सात-आठ महिने चाललं. दिवाळीनंतर आपा थकल्या. कधी ओळ अर्धीच सुधारायच्या, कधी नुसतीच उसवायच्या आणि सुया हातात धरून बसायच्या. ताई तेव्हा चुका सोप्या करायला लागल्या. सातवी ओळ सोडून सरळ विणीत एखादा टाका उलटा टाकायच्या, की आपांना पटकन सापडावा.

गेल्या बुधवारी मी वरपर्यंत गेलो होतो. ताईंनी काम आपांच्या हातात दिलं. आपांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. चूक अगदी समोर होती, मलासुद्धा दिसत होती. आपांचं बोट तिच्यावरून गेलं, पुढे गेलं, कडेला जाऊन थांबलं.

"छान आहे," असं म्हणून त्यांनी काम परत दिलं.

ताई उठून पलंगावर आपांच्या पाठीशी बसल्या. दोन्ही बाजूंनी हात पुढे घेऊन आपांच्या बोटांत सुया दिल्या आणि वरून स्वतःची बोटं ठेवली. चुकलेली ओळ त्यांनी आपांच्या हातांनीच उसवून नीट केली आणि पुढची, सातवी ओळ धरली. "हे दोन मागे ठेवायचे, आपा," त्या हळू आवाजात सांगत होत्या, "पुढचे दोन आधी. असे. आता हे मागचे." ज्यांनी दोनशे विणींतली एक कुणाला दिली नाही, त्या एकेक टाका थांबून थांबून शिकवत होत्या. फार वेळ लागला. पान वळलं.

आपांनी ते जवळ धरून पाहिलं. "किती सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची गं ही?"

"तुमची आहे, आपा. मी नुसती मोजून ठेवली होती."

"माझी?" आपा खूश झाल्या. मग त्यांनी माझ्याकडे आणि शबानाकडे एकदा संशयानं पाहिलं, मान मागे टेकवून ताईंच्या कानाशी नेली आणि म्हणाल्या, "मग कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगत, आपा," ताई म्हणाल्या, आणि तसंच हातांत हात ठेवून त्यांनी आठवी ओळ सुरू केली.