हरेशचे कागद

पेण ते रोहा, हायवेवर एकही नियम न मोडता छोटी मोटारसायकल चालवणारा माणूस सबंध तालुक्यात एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल हरेशला तिळमात्र शंका नव्हती! त्यातून आज रोह्याला मुलगी बघायला जायचं होतं. मुलीची, म्हणजे किमयाची, अट एकच: पोरगा गाडी कायद्यात चालवणारा पाहिजे. हरेशला वाटलं, ही मुलगी देवानं आपल्यासाठीच घडवली!

पत्रिकेची फाईल आत्यानं आदल्या दिवशीच मध्यस्थ केरूच्या हाती रोह्याला धाडली होती. गाडीच्या कागदांची फाईल आता मागे बसलेल्या गोदूआत्याच्या मांडीवर. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, फोन बंद, शंभर सीसीची गाडी डाव्या कडेनं चाळीसच्या वेगात. ट्रक पुढे गेले, टेम्पो पुढे गेले. प्रत्येक खड्ड्यापाशी हरेश इंडिकेटर देऊन थांबत होता.

"अरं, तो सायकलवाला गेला पुढं!" वडखळला आत्या ओरडली.

"त्याचा इंडिकेटर दिसला तुला? नाय ना?"

कासूजवळ पोलीस उभे! हरेशची छाती फुगली. पण पोलिसानं दोन हेल्मेटं बघितली आणि हात हलवला, "जा, जा."

जा? वर्षभर जपलेले कागद कुणी बघायचेच नाहीत? हरेशनं गाडी कडेला लावली. उलट दिशेनं नेणं बेकायदा, म्हणून आत्याला घेऊन चालत मागे आला.

"साहेब, माझे कागद बघा की!"

पोलिसानं फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागला. "उंची साडेपाच फूट. रास कन्या. निर्व्यसनी. आवड, बागकाम." मग वर बघितलं. "इन्शुरन्स कुठाय?"

हरेश आत्याकडे वळला. "आत्ये, केरूला कुठली फाईल दिलीस गो?"

"निळी!"

"ही पण निळीच हाय!"

पोलिसानं गाडीचा नंबर मशीनमध्ये घातला. रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, सगळं ठीक. "पीयूसी मात्र काल संपली. मी जा म्हणत होतो ना?" दंडाची पावती हातात आली. "आणि ही पत्रिका राहू दे माझ्याकडं. मेहुणी हाय लग्नाची." गोंधळलेल्या हरेशनं मान डोलावली!

रोह्यात किमयाच्या वडिलांनी, गुणाजींनी, दार उघडलं. टेबलावर दुसरी निळी फाईल होती.

"सगळे कागद वाचले," किमया म्हणाली. "पीयूसी काल संपलीय. वाटेत पकडलं नाय कुणी?"

हरेशनं खिशातली पावती चाचपली. खोटं बोलावं? ते काही जमेना. "पकडलं नाय. मीच चालत गेलो," म्हणत त्यानं पावती पुढे केली.

किमया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बाबा, सवताहून दंड भरणारा पयलाच बघितला! मला पसंत हाय!"

हरेशला आनंदानं उडीच मारावीशी वाटली. पण गुणाजींनी विचारलं, "व्हय, पण पत्रिका कुठाय?"

"ती कासूला, साहेबांकडं. त्यांची मेहुणी हाय लग्नाची."

किमयाचं हसू थांबलं. तिनं गाडीची चावी उचलून मुठीत धरली. "पीयूसी झाल्याबिगर गाडी हितनं हलायची नाय. कासूला पॅसेंजर ट्रेन थांबते. जा आन् पत्रिका घेऊन या. आजच्या आज!"

तासाभरात, आत्याला रोह्यातच ठेवून, हरेश पॅसेंजरमध्ये बसला होता, मांडीवर हेल्मेट घेऊन. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं, ड्रायव्हरनं जरा जोरात हाणावी!