लॉर्डसाहेबांची सोयरिक

"कागद असलेलं जनावर दारात बांधू नये, पोरी," कुल्याश अपा म्हणाली होती. "आधी ते स्वतःचे कागद दाखवतं. मग तुझे मागतं."

अक्मारल हसली होती. सासूच्या बोलण्यावर हसू नये हे तिला कळत होतं. पण तिच्याकडे शेतकी कॉलेजची पदवी होती, आणि कडेवरच्या इंजूला नेमका पहिला दात येत होता. अशा घरात म्हणी ऐकायला सवड कुणाला?

त्याच आठवड्यात 'शुद्ध कळप' योजना करासू या कझाक गावात येऊन थडकली. माळावरच्या गायी कित्येक शतकं कुणाचीही परवानगी न घेता एकमेकींच्या कळपात मिसळत आल्या आहेत, ही गंभीर बाब वरच्या कार्यालयाच्या लक्षात आली होती. यापुढे प्रत्येक घराला एकेक परदेशी हिअरफर्ड कालवड मिळणार होती आणि सगळ्या गावाला मिळून एक वळू. हिअरफर्ड म्हणजे अंगानं तांबडी, तोंडानं पांढरी, स्वभावानं शांत. मूळ गाव इंग्लंडातल्या एका ओल्याहिरव्या परगण्यात. गवताचं मांस करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, असं माहितीपत्रक सांगत होतं. अक्मारलच्या वाट्याला आलेल्या कालवडीचं नाव डचेस. वळूचं नाव लॉर्ड बार्थोलोम्यू तिसरा. गाव त्याला आदरानं लॉर्डसाहेब म्हणू लागलं.

अट एकच होती, आणि ती पशुधन अधिकारी तालगात यांनी चहा संपल्यावर सांगितली.

"कालवडी गाभण ठरल्या, की गावातली प्रत्येक बिनजातीची गाय मांसाच्या कारखान्यात. रक्तात भेसळ नको."

अक्मारलनं गोठ्याकडे पाहिलं. तिथं तार्गिल उभी होती. अंगावर पट्टे, एक शिंग आकाशाकडे, दुसरं शेजाऱ्याकडे. तिचे आईबाप कोण, हे खुद्द तार्गिललाही ठाऊक नसावं. पण हाडं गोठवणाऱ्या थंडीत ती बर्फ खुरानं उकरून खालचं गवत काढी आणि संध्याकाळी बादली भरून देई. अक्मारलचं स्वतःचं दूध आटलं होतं. डब्यातली पावडर इंजू ज्या वेगानं घेई त्याच वेगानं परत करी. तिला मानवत होतं ते एकट्या तार्गिलचं दूध.

"मग माझ्या बाळानं काय प्यायचं? डचेसचं दूध?"

"मांसाची जात आहे ती, वहिनी. दूध वासरापुरतंच." तालगातसाहेब हळहळले. "बाळ योजनेत बसत नाही."

त्या दिवसापासून अक्मारल डचेसवर अशी नजर ठेवू लागली, जशी वयात आलेल्या मुलीवर चाळीतल्या बायका ठेवतात. ही गाभण राहिली की तिची स्वतःची मुलगी उपाशी. आणि माणूस उपाशी पोराच्या विचारानं जागा राहिला, की त्याला शिक्षणाचे खरे उपयोग सुचू लागतात.

सेयितकुल अक्साकाल हे गावातले सर्वांत वडीलधारे, दाढी छातीपर्यंत पांढरी. करासूतली एकही सोयरिक त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. मुलाचा आणि मुलीचा सात पिढ्यांत एकही पूर्वज सामाईक असता कामा नये, हा नियम. आणि गावातल्या प्रत्येकाचे सात बाप त्यांना तोंडपाठ. अक्मारलनं त्यांच्या पुढ्यात पिठाचे तळलेले गोळे, बाउरसाक ठेवले, प्याल्यात चहा ओतला आणि भोळ्या चेहऱ्यानं म्हणाली, "आजोबा, लॉर्डसाहेबांची वंशावळ आलीय. वाचून दाखवू?"

"वाच की. पाहुण्याचं घराणं माहीत असावं."

तिनं लॉर्डसाहेबांचे पूर्वज वाचले. मग डचेसचे. आजोबाच्या जागी दोन्हीकडे एकच नाव आलं. अक्साकालांच्या हातातला बाउरसाक चहात पडला.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"म्हणजे ही दोघं..."

"सख्खी चुलत भावंडं, आजोबा."

"आणि बाकीच्या कालवडी?"

"त्या त्याच्या पुतण्या लागतात."

"बायांनो," अक्साकाल उठून उभे राहिले, "पोरांना घरात घ्या."

संध्याकाळच्या आत लॉर्डसाहेबांना गावाबाहेरच्या वेगळ्या कुंपणात हलवण्यात आलं. त्यांना चारापाणी अर्थातच सन्मानानं मिळत राहिलं. दोष त्यांचा नव्हता, संस्कारांचा होता.

तालगातसाहेब धावत आले. "अक्साकाल, अहो, जवळच्या नात्यात जुळवतात म्हणूनच तर जात शुद्ध राहते!"

"बाळा, तुझ्या घरात चालतं का असं?"

"काय बोलता! माझे सातही बाप स्वच्छ आहेत!"

"मग लॉर्डसाहेबांनाच एवढं हलक्यात का काढतोस?"

कार्यालयाकडे उत्तर नसलं की ते पर्याय देतं. पुढच्या खेपेला तालगातसाहेब दुसऱ्या स्थळांचे फोटो घेऊन आले. अक्साकालांच्या बैठकीत ते हातोहात फिरले.

"हा अँगस. स्कॉटलंडचा. वर्ण काळा, बांधा आटोपशीर, मांस लोण्यासारखं."

"याला शिंगं नाहीत."

"जन्मतःच नसतात. ते त्या जातीचं वैशिष्ट्य आहे."

"आमच्यात त्याला वैशिष्ट्य म्हणत नाहीत. पुढचा दाखव."

"हा शारोले. फ्रान्सचा. सायीसारखा पांढरा, पुठ्ठे बघा कसे भरलेत. वासरं मात्र जरा मोठी जन्मतात. आईला थोडा त्रास होतो."

इतका वेळ दाराशी बसून लोकर पिंजणारी कुल्याश अपा पहिल्यांदा बोलली. "थोडा म्हणजे किती? या फोटोत आई कुठाय?"

तालगातसाहेबांनी फोटो उलटा करून पाहिला. मागच्या बाजूलाही आई नव्हती.

असं करत गवत पिवळं पडलं. एकही कालवड गाभण नव्हती, तार्गिल दारात होती, इंजूच्या गालांना रंग चढला होता. अक्मारलला वाटलं, जिंकलो. सरकारी कामात माणसाला असं वाटतं, तोच धोक्याचा क्षण.

कारण कार्यालयानं गावाच्या भावनांचा आदर करायचं ठरवलं होतं.

"सात पिढ्यांचं तत्त्व वरिष्ठांना फार आवडलं," तालगातसाहेबांनी भर बैठकीत जाहीर केलं. "ते आता सगळीकडे लागू होणार. सुरुवात पाळणाऱ्यांपासून. ज्याला स्वतःचे सात बाप सांगता येत नाहीत, त्याच्या दारात शुद्ध जनावर कसं शोभेल?"

गाव खूश झालं. प्रत्येक जण उठला, छाती पुढे काढून सात नावं म्हणाला आणि बसला. जणू शाळेत पाढे. दोघांतिघांनी उत्साहात नऊ-नऊ म्हटली. मग अक्मारलची पाळी आली, कारण डचेस तिच्या नावावर होती. ती इंजूला घेऊन उभी राहिली. ती शहरातल्या बालगृहात वाढलेली होती. हे गावाला माहीत होतं. लग्नाच्या वेळी अक्साकालांनी भुवया चढवल्या तेव्हा अपानं "मला सून हवीय, यादी नकोय" एवढं सांगून विषय मिटवला होता. त्यामुळे तो फक्त मिटलेला होता, संपलेला नव्हता.

"आजोबा कोण?"

"माहीत नाही."

"बरं, वडील?"

"मला बालगृहाच्या पायरीवर ठेवून गेले तेव्हा घाईत नाव सांगायचं राहिलं असावं."

तालगातसाहेबांनी मान खाली घालून लिहिलं आणि नियमानुसार मोठ्यानं वाचलंही. "स्थानिक, मूळ अज्ञात." हीच नोंद वसंतात तार्गिलच्या नावापुढे झाली होती. मग त्यांनी इंजूकडे बघून तिच्या गालाला बोट लावलं. "ही पहिल्या पिढीचा संकर. घाबरू नका, वहिनी. शुद्ध रक्ताशी संबंध चालू ठेवलेत, तर पाचव्या पिढीला तुमचं कुटुंब शुद्ध धरता येतं. तक्त्यात सोय आहे."

"आणि डचेस?"

"ती तुमच्या दारात राहू शकत नाही."

"घेऊन जा!" अक्मारलच्या तोंडून आनंदानं निसटलं.

"नेतोच. पण तार्गिलला मुदत होती ती डचेस गाभण राहीपर्यंत. डचेसच नाही म्हटल्यावर मुदत कसली? सोमवारी गाडी येईल."

अक्मारलनं अक्साकालांकडे पाहिलं. ते आपल्या रिकाम्या प्याल्यात काहीतरी शोधत होते. अपानं मात्र लोकर बाजूला ठेवली.

"तालगात, आपली पांढऱ्या तोंडाची कझाक जात आहे ना, ती कुठून आली रे?"

साहेबांचा चेहरा खुलला. "देशाचा अभिमान, अपा! हिअरफर्ड वळू आणि स्थानिक गायी. हिवाळ्यात अंगावर दाट केस येतात, बर्फाखालचं गवत उकरून खाते..."

"उकरायला कुणी शिकवलं? लॉर्डांनी?"

"नाही, ते गायींकडून आलं."

"नावं काय त्या गायींची?"

"सांगितलं ना. स्थानिक."

"हं," अपा म्हणाली आणि पुन्हा लोकर पिंजू लागली.

रविवारी लॉर्डसाहेबांनी कुंपण मोडलं. शांत स्वभाव हे त्यांचं प्रमाणित वैशिष्ट्य असल्यानं हा प्रकार घडलाच नाही असं म्हणता आलं असतं. पण तो सगळ्या गावानं पाहिला. त्यांनी नटूनथटून उभ्या असलेल्या चुलत बहिणीला आणि सगळ्या पुतण्यांना ओलांडलं आणि ते सरळ अक्मारलच्या दारात आले. तार्गिल माजावर होती.

अक्साकालांनी बोटांवर पिढ्या मोजल्या. वर इंग्लंडचा, वधू इथल्या माळाची. सात काय, सत्तर पिढ्यांत गाठ नाही. "सोयरिक निर्दोष आहे!" त्यांनी जाहीर केलं. कदाचित रिकाम्या प्याल्यात त्यांना काही सापडलं असावं. अपानं लग्नघरासारख्या साखरेच्या गोळ्या उधळल्या. पोरं वेचायला धावली.

सोमवारी आलेली गाडी तार्गिल गाभण आहे का याची तपासणी होईपर्यंत थांबवावी लागली. महिन्याभरानं झालेल्या तपासणीत लॉर्डसाहेबांपासून गाभण अशी सगळ्या गावात एकच गाय निघाली. पोटात सरकारी वळूचं वासरू म्हणजे सरकारी मालमत्ता. तिला कापता येईना. 'शुद्ध कळप' योजनेचं करासूतलं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तालगातसाहेबांना बढती मिळाली, आणि तार्गिलला सरकारी देखरेखीसाठी तालुक्याच्या केंद्रावर नेण्यात आलं. गाडीत चढताना तिनं वाकडं शिंग दाराला अडकवून ठेवलं. तीन माणसं लागली सोडवायला. तिच्या गळ्यात पाटी आहे: 'वाहक. स्थानिक.' वासराच्या कागदावर बाप, आजा, पणजा छापून तयार आहेत. आईसाठी रकाना नाही.

इंजू सध्या शेजारणीच्या बकरीच्या दुधावर आहे. रात्री कण्हते, पण पोटात ठेवते. बकऱ्यांविषयी अजून योजना आलेली नाही. आली तर अक्मारल या वेळी सासूचं आधी ऐकणार आहे.

अक्मारलचं एक सांगणं आहे तुम्हाला. त्या केंद्रावरून कधी गेलात, तर थांबा आणि कुंपणाशी उभं राहून "तार्गिल" म्हणून हाक मारा. वाकडं शिंग वळलं तर समजा ठीक आहे. फार लांब पडतं? बरोबर आहे, पडणारच. मग निदान तुमच्याच घरातल्या पलीकडच्या खोलीपर्यंत जा. तुमच्या घराण्याची नावं तुम्हाला वर पणज्यापर्यंत पाठ असतील. तिथं जी म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलीय, तिनं दूध घेतलं का ते बघा. आणि बोहल्यावर बदललं, त्याआधी तिचं नाव काय होतं, तेही विचारून या.