सत्काराच्या आधी बी.ए.

रक्तदान केलं की माणसाला कॉफी देतात, बिस्किटाचा पुडा देतात. उमाटेजींना दोन्ही नको होतं. बाटलीत रक्त जात असतानाच त्यांनी आडव्याआडव्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, सर्टिफिकेटावर तास लिहून देता का जी? म्हंजे जमा धरतीन."

डॉक्टर म्हणाले, रक्त द्यायला वीस मिनिटं लागतात.

"मंग वाट पाह्यली ते बी धरा न. नऊ वाजल्यापासून बसून हावो मी."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, कारण शेजारच्या खाटेवर मीच होतो. आणि या माणसाच्या डोक्यात 'जमा धरायची' भानगड घुसली तीही माझ्यामुळेच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून पडून राहिलो.

मी वर्ध्यात शाळामास्तर. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा दर रविवारी मी एका कॉलेजच्या मागच्या खोलीत बसायचो. तिथे एका मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं. शिक्षण अर्ध्यावर सुटलेली माणसं यायची. कंडक्टर, पोलीस, अंगणवाडीच्या बाया. फी परवडणारी, हजेरीची कटकट नाही, पुस्तकं घरपोच. मी त्यांना फॉर्म भरून द्यायचो, थोडं शिकवायचो, आणि जास्त करून रागवायचो. रागवणं मला फुकटात जमतं.

गोविंदराव उमाटे तिथेच भेटले. पाटबंधाऱ्याच्या हापिसात आवक-जावक बाबू. सिंदी रेल्वे नावाच्या गावात घर, पॅसेंजरनं रोजचं अपडाऊन. बारीक अंगकाठी, राखाडी सफारी आणि खिशाला तीन पेनं: निळं, लाल, हिरवं. हिरव्या शाईनं फक्त साहेबानं सही करायची असते. मी विचारलं, तुम्हाला हिरवं कशाला? तर म्हणे, "साहेब विसरले तर असू द्याव." बावीस वर्षांत एकही साहेब विसरला नव्हता, पण पेन रोज खिशात होतं. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर टाकायची त्यांना इतकी सवय, की दिवाळीच्या भेटकार्डावरही कोपऱ्यात आवक क्रमांक आणि तारीख असायची.

मी त्यांना विद्यापीठाची माहितीपुस्तिका दिली. तिच्यात मागच्या पानावर एक ओळ होती: आधी पूर्ण केलेल्या मान्य शिक्षणाचे श्रेयांक पदवीसाठी विचारात घेतले जातील. चार वर्षांत ती ओळ कोणी वाचली नव्हती. खरं सांगायचं तर मीही नाही. उमाटेजींनी वाचली. लाल पेननं खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढच्या रविवारी भली मोठी कापडी पिशवी घेऊन हजर झाले.

"सर, याच्यातलं काय काय जमा धरतीन?"

टेबलावर आयुष्याचा ढीग पडला. हिंदीच्या परीक्षा, ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स, सहकाराची पदविका. इथवर ठीक होतं. मग टायपिंग, मराठी तीस. प्रथमोपचार. मधमाश्या पाळण्याचं दहा दिवसांचं प्रशिक्षण. बिनधुराची चूल बांधायचं शिबिर. कुटुंबनियोजन शिबिरात स्वयंसेवक. आणि भजनस्पर्धा, द्वितीय क्रमांक.

"हे भजनाचं कशाला आणलं?"

"काऊन? बी.ए.ले संगीत विषय नाई का?"

"आहे. तुम्ही काय गायलं होतं?"

"गायलो नाई. झांज वाजवली."

मी ढिगाचे दोन भाग केले. ते मान हलवून ऐकत होते, आणि मी मान वळवली की नाकारलेल्या ढिगातला एकेक कागद हळूच मानलेल्या ढिगाखाली सरकवत होते. शेवटी मी ओरडलो, "उमाटेजी, मधमाश्या कला शाखेत येत नाहीत!" तेव्हा कुठे मधमाश्या पिशवीत गेल्या.

चार महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. हिंदी, ग्रंथालय आणि सहकार, तिन्हींचे श्रेयांक मान्य झाले होते. पदवीचा अर्ध्याहून जास्त रस्ता बसल्याबसल्या कापला गेला होता! मी थक्क झालो. उमाटेजींनी पत्रावर आवक क्रमांक टाकला आणि विचारलं, "मंग आता किती दिवस?"

"नीट अभ्यास केला तर सव्वा वर्ष."

"थोडं लवकर नाई होत का जी?"

त्यांची ही घाई मला कळेना. निवृत्तीला सोळा महिने उरले होते. आता बी.ए. होऊन कुठलं प्रमोशन मिळणार? मी तोंडाचा फटकळ. भर वर्गात म्हणालो, "रिटायर होता होता कलेक्टर व्हायचं आहे काय?" सगळे हसले. उमाटेजी हसले नाहीत. पुस्तक पिशवीत घातलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

मला चुटपुट लागली. मागोमाग स्टेशनवर गेलो. पॅसेंजर नेहमीप्रमाणे लेट होती. उमाटेजी बाकावर बसून पंचांग वाचत होते. जवळ जाऊन पाहिलं तर वर पंचांगाचं कव्हर, आत राज्यशास्त्र.

"हे लपवता कोणापासून?"

"घरी माईत नाई," ते म्हणाले. "मंदाले सांगतलं, रविवारी ऑडिटचं काम असते."

"चांगलं काम करता अन् बायकोपासून लपवता? का?"

त्यांनी पुस्तक मिटून पिशवीत घातलं. मग खाली मान घालून सगळं सांगितलं.

त्यांच्या लग्नाची पत्रिका वडिलांनी छापायला दिली होती. आपल्याकडे नवरदेवाच्या नावापुढे कंसात त्याची डिग्री छापतात. पत्रिका छापून आली तर त्यात 'चि. गोविंद' आणि पुढे कंसात 'बी.ए.' उमाटेजी तर पहिल्याच वर्षाला नापास होऊन दोन वर्षं घरी बसले होते.

"बापाले म्हटलं, बाबा हे काय छापलं? तर म्हने, कंस रिकामा बरा नाई दिसत. पत्रिका वाटून बी झालत्या. मंदाच्या बापानं त्या कंसाकडे पाहूनच पोरगी देल्ली, सर. एकोणतीस वर्षं झाली. मंदा शेजारणीइले सांगते, आमचे बी.ए. हायेत."

"त्यांनी कधी सर्टिफिकेट मागितलं?"

"नाई न. एकदा मागतलं असतं तर बरं झालं असतं. सांगून मोकळा झालो असतो."

"मग आताच कशाला घोर?"

"सत्कार," उमाटेजी म्हणाले. "रिटायरमेंटले स्टेजवर जोडीनं बसवतात. बडे बाबू सर्व्हिस बुक उघडून परिचय वाचतात. शिक्षण, मॅट्रिक. तिच्यासमोर, सर. गळ्यात हार असतानी."

भर वर्गात आपण काय बोलून बसलो, याची मला खरोखर लाज वाटली. गाडी आली तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणालो, की इंग्रजीसाठी शनिवारीही येत जा.

कारण खरी अडचण इंग्रजी होती. तो विषय कुठल्याच प्रमाणपत्रातून सुटत नव्हता. नालवाडीला माझ्या घरी आम्ही दर शनिवारी बसू लागलो. मी समजावून थकायचो आणि ते हुज्जत घालून थकायचे नाहीत. "हा पास्ट परफेक्ट काऊन पाह्यजे? झालं ते एकदा झालं न!" पहिल्या परीक्षेत इंग्रजीत नापास झाले. चेहरा इतका उतरला, की माझ्या बायकोनं न विचारता त्यांच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. शेवटची संधी आली तेव्हा निवृत्ती दोन महिन्यांवर होती.

निकाल नेटवर लागायचा होता. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आम्ही गेलो, तर उमाटेजींनी देवळात जावं तशा चपला बाहेर काढल्या. पान वरून खाली बोटभर बोटभर उघडत होतं. आधी विद्यापीठाचं नाव. मग बैठक क्रमांक. मग आईचं नाव. मग, खूप वेळानं, पास.

"अजून एकडाव दाखवा," ते कॅफेवाल्याला म्हणाले.

पुन्हा पास. तिसऱ्यांदा दाखवायला सांगितलं आणि वीज गेली. काळ्या पडद्याकडे पाहत त्यांनी माझा हात धरला. "सर, कॅन्सल तर नाई होत न जी?"

तात्पुरतं प्रमाणपत्र आलं, सर्व्हिस बुकात नोंद झाली आणि आठ दिवसांनी सत्कार झाला. मला आमंत्रण होतं. स्टेजवर मंदाताई आमसुली साडी नेसून ताठ बसलेल्या. बडे बाबूंनी चष्मा लावला, घसा साफ केला. साल वाचू नका म्हणून उमाटेजींनी त्यांना आधीच हात जोडले होते. "शिक्षण," बडे बाबू म्हणाले आणि नेमके पान उलटायला थांबले. "बी.ए."

टाळ्या वाजल्या. मंदाताई समोर पाहत होत्या. उमाटेजी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होते, आणि मला वाटतं तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं पोटभर श्वास घेतला.

पुढे काही महिन्यांनी दीक्षांत समारंभ झाला. पेन्शनच्या कामाला जातो असं घरी सांगून ते नागपूरला गेले, काळा झगा घालून फोटो काढून आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या दारात. बगलेत फाइल, तोंडावर बारा वाजलेले.

"सर, आपण एक गोष्ट पाह्यलीच नाई." त्यांनी पदवी उघडून बोट ठेवलं. "साल. बडे बाबूले हात जोडले, या कागदाले कसे जोडू?"

लग्नानंतर तीस वर्षांनी मिळालेलं बी.ए. घरात कुठल्या भिंतीवर लावणार? जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, नेमकं तिलाच दाखवता येत नव्हतं. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. आम्ही दोघंही एवढे शिकलेले, अन् एवढं साधं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुमच्याजवळ ठेवा," ते म्हणाले. "मी येत जाईन."

आणि ते खरंच येऊ लागले. एक रविवार सोडून एक. हात धुवायचे, पुसायचे, फाइल उघडायची. पदवी पाहायची, झग्यातला फोटो पाहायचा, बंद करायची. मग चहा. पहिल्यांदा मी वैतागलो. पुढे पुढे ते आले नाहीत तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

एका बुधवारी दुपारी दार वाजलं. मंदाताई. हातात कुरड्यांचा डबा. सिंदीहून एकट्या आल्या होत्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि पाणी पिऊन म्हणाल्या, "तो कागद दाखवता का?"

"कुठला कागद?"

"सर, तुमाले खोटं बोलता येत नाई. त्याइले बी येत नाई. तीस वर्षं पाहून राह्यली मी. रिटायर मानूस रविवारी तुमच्याच घरी कोनतं ऑडिट करते?"

लग्नानंतर चौथ्या महिन्यात पेटी आवरताना त्यांना पहिल्या वर्षाची गुणपत्रिका सापडली होती. पाच विषयांत नापास. होती तशी घडी करून त्यांनी ती परत ठेवून दिली.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? लगनात या मानसानं एकडाव बी मान वर केली नाई. मले वाटलं, लाजाळू हाये. तो कागद पाह्यला तवा समजलं. बापाच्या खोट्यापायी जो मान खाली घालते, त्याले आपण अजून काय बोलाव? म्हनून मीच सगळ्याइले आधी सांगून टाको, आमचे बी.ए. हायेत. मंग त्याइले कोणी विचारत नव्हतं."

मी उठून कपाट उघडलं. मंदाताईंनी पदराला हात पुसले. पदवीवरचं नाव बोटानं वाचलं. साल वाचलं. मग फोटो हातात घेतला, तो खूप वेळ खाली ठेवलाच नाही.

"झगा केवढा मोठा हाये," त्या म्हणाल्या. मग हळूच, "चांगले दिसून राह्यले."

जाताना फोटो त्यांनी पर्समध्ये ठेवला. "कागद राहू द्या तुमच्याजवळ. हा मी नेऊन राह्यली."

रविवारी उमाटेजी आले. हात धुतले, पुसले, फाइल उघडली. पदवी पाहिली. पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"फोटो?"

मी चहाचं बघतो म्हणून उठलो.

"सर." मी बसलो. "मंदा आलती?"

मी मान हलवली. फाइल मांडीवर तशीच उघडी होती.

"कवापासून माईत हाये तिले?"

"लग्नानंतरच्या चौथ्या महिन्यापासून."

त्यांचे डोळे भरून आले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. बाहीनंच पुसले आणि विचारलं, "फोटो पाहून काही म्हणाली का?"

"चांगले दिसता म्हणाल्या."

"झग्यात?"

"झग्यात."

उमाटेजी लहान पोरासारखे हसले. मग एकदम माझ्या जवळ सरकून बसले, आणि घरात आम्ही दोघंच असूनही आवाज खाली आणून म्हणाले, "सर, मले समजलं हे तिले नका सांगजो. फोटो कपाटात साड्याइखाली ठेवला असंन तिनं. मी घरी नसलो का काढून पाहात असंन. पाहू द्या न जी."